दात कोरायला शिकवणारे यंत्र

दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे एनॅमल, हा माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या आतले डेंटिन त्यामानाने बरेच मऊ. दंतवैद्य कीड कोरत असतो तेव्हा बर (कोरणारे फिरते टोक) आधी एनॅमल कापतो आणि एका क्षणी आत घसरतो, करवंटी संपून सुरी खोबऱ्यात जावी तसा. मुरलेल्या डॉक्टरचा हात त्याच क्षणी जोर कमी करतो. नवख्याचा हात करत नाही. पुढे जेमतेम काही मिलिमीटरवर नस आणि रक्तवाहिन्या असलेला पल्प असतो. बर तिथे पोचला की साध्या फिलिंगसाठी आलेल्या पेशंटला बहुधा रूट कॅनॉलबद्दल सांगावे लागते.

हा ‘घसरण्याचा’ क्षण पुस्तकात वाचून समजत नाही आणि व्हिडिओ पाहूनही समजत नाही. तो बोटांनाच कळावा लागतो. म्हणून गेली पंचवीस-तीस वर्षे जगभरचे अभियंते आणि दंतवैद्यकाचे शिक्षक एक विचित्र वाटावा असा उद्योग करत आहेत: संगणकात दात उभा करायचा आणि तो हाताला लागेल अशी व्यवस्था करायची. या तंत्राला हॅप्टिक्स म्हणतात. डोळ्यांपुढे व्हर्च्युअल रिअॅलिटीतले तोंड आणि हातात खऱ्यासारखा हँडपीस, म्हणजे बर बसवायचे अवजार. तो हवेत फिरवताना मोकळा असतो, पण पडद्यावरच्या दाताला भिडला की जागच्या जागी अडतो. याने खरोखर शिकता येते का, येत असेल तर काय आणि किती, आणि मुंबईसारख्या ठिकाणी त्याचा हिशेब बसतो का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत मात्र ते एकच होऊन बसतात.

आधी जुनी पद्धत. ग्लासगोच्या ओस्वाल्ड फर्गस यांनी १८९४ मध्ये एका धातूच्या दांड्यावर दोन जबडे बसवून सरावासाठी नकली डोके तयार केले. आजच्या फँटम हेडचे हे पूर्वज. आता त्याला रबराचे गाल आले, मान फिरते, पाण्याचा निचरा होतो. कल्पना तीच राहिली. आपल्याकडे बीडीएसचा विद्यार्थी पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतो आणि दुसऱ्या वर्षी प्री-क्लिनिकलमध्ये, म्हणजे पेशंटआधीच्या सरावात, फँटम हेडपुढे बसतो. टायपोडोंट, म्हणजे जबड्याचा नमुना, आणि त्यात प्लास्टिकचे दात. त्यावर क्लास वन, क्लास टू अशा प्रकारच्या कॅव्हिटी, म्हणजे फिलिंगसाठीचे खड्डे, कोरायच्या आणि सरांना दाखवायच्या. जोडीला खरे, काढलेले दात लागतातच. विद्यार्थी आपापल्या भागातल्या दवाखान्यांत जाऊन ‘काढलेले दात टाकू नका, ठेवा’ असे सांगून येतात आणि निर्जंतुक करून बाटल्यांत जपतात.

दोन्हींत खोट आहे. साध्या प्लास्टिकच्या दातात एनॅमल-डेंटिनचा तो फरकच नसतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पदार्थ. खऱ्या दातात फरक असतो, पण दोन दात सारखे नसतात, त्यामुळे दोन विद्यार्थ्यांची तुलना होत नाही. शिवाय चुकले की दात संपला. पुन्हा तोच दात, तीच कीड, तोच कोन मिळत नाही. आणि तपासणार कोण? एका शिक्षकामागे डझनभर डोकी असतात. त्याला दिसते ती कोरून झालेली कॅव्हिटी. ती कोरताना हात कुठे थरथरला, जोर कधी वाढला, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

मुंबईच्या उपनगरांत हा विषय लांबचा वाटायचे कारण नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनबाहेर दहा मिनिटे चालले तर दंतवैद्याच्या चार-दोन पाट्या दिसतात. शिकायला मात्र इथली मुले बाहेर पडतात. बोरिवलीची मुलगी फास्ट लोकलने मुंबई सेंट्रलला उतरून १९३३ पासूनच्या नायरच्या दंत महाविद्यालयात जाते. कुणी सीएसएमटीजवळच्या शासकीय महाविद्यालयात, तर मुलुंडचा मुलगा ठाण्याहून गाडी बदलून नेरुळ-बेलापूरच्या खासगी कॉलेजात. तासा-दीड तासाचा प्रवास करून प्री-क्लिनिकलला पोचलेल्या मुलाच्या वाट्याला हँडपीस हातात धरायचे नेमके किती तास येतात, यावर त्याचा हात घडणे अवलंबून असते. हॅप्टिक यंत्राचा सगळा दावा याच तासांवर आहे.

आता यंत्राकडे. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत केनेथ सॅलिसबरी यांच्या हाताखाली शिकणाऱ्या थॉमस मॅसी या विद्यार्थ्याने ‘फँटम’ नावाचा एक छोटा यांत्रिक हात बनवला. (नकली डोक्यातल्या फँटमशी याचा संबंध नाही, नावे योगायोगाने जुळली.) हलके दांडे, बारीक केबल, मोटारी आणि प्रत्येक सांध्याचा कोन मोजणारे एन्कोडर. हाताने टोक हलवले की संगणकाला त्याची जागा कळते. ती जागा पडद्यावरच्या वस्तूच्या आत गेली की मोटारी उलटा जोर देतात. जितके आत, तितका जोर जास्त. एवढ्याने बोटांना वाटते, काहीतरी कठीण लागले.

ऐकायला सोपे आहे. पण डोळ्याला सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे मिळाली की हालचाल सलग वाटते. हाताला तेवढ्यात फसवता येत नाही. कठीण पृष्ठभाग कठीण वाटायचा तर जोराचा हिशेब सेकंदाला साधारण १,००० वेळा करावा लागतो. त्यात उशीर झाला तर दात लगदा लागतो, नाहीतर हँडपीस थरथरू लागतो. त्यात हा दात नुसता उभा नाही, तो कोरला जातोय, म्हणजे क्षणाक्षणाला बदलतोय. म्हणून तो व्हॉक्सेलचा, म्हणजे सूक्ष्म घन तुकड्यांचा, बनवलेला असतो. प्रत्येक तुकड्याला आपली कठीणता: एनॅमलची वेगळी, डेंटिनची वेगळी, किडलेल्या भागाची आणखी वेगळी. बर फिरला की तुकडे एकेक करून नाहीसे होतात आणि पुढच्या मिलिसेकंदाला जोराचे गणित नव्याने मांडले जाते.

या तंत्रावर उभी राहिलेली यंत्रे एकसारखी नाहीत. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातले पेरिओसिम सुरुवातीच्या यंत्रांपैकी. त्यात कोरणे नव्हते. हिरडीच्या खाली प्रोब घालून हिरडी आणि दात यांच्यातल्या खिशाची खोली आणि दातावर साचलेले किटण चाचपायचे. हे काम मुळातच न बघता करायचे असल्याने निवड हुशारीची होती. शिक्षकांनी वापरून पाहिल्यावर दात खऱ्यासारखा लागतो असे सांगितले, हिरडी मात्र तितकी जमली नव्हती. मऊ, ओली, ताणली जाणारी गोष्ट उभी करणे कठीण गोष्टीपेक्षा अवघड असते, ही तक्रार तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. हॅम्बुर्गचे व्हॉक्सेल-मॅन, फ्रान्समधले इम्प्लांटकडे वळलेले व्हर्टिझी, स्वीडनचे कोब्रा ही त्यानंतरची नावे. कोब्राच्या मागे असलेल्या गटाने रुतलेली अक्कलदाढ काढण्याच्या शस्त्रक्रियेवर काम केले, आणि दातांच्या शस्त्रक्रियांमध्ये सिम्युलेटर सर्वांत उपयोगी कुठे, याचे ते चांगले उत्तर आहे. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांशी जबड्यातली मोठी नस असते, जिभेच्या बाजूला दुसरी. हाड किती कोरायचे आणि कुठे थांबायचे हे चुकले तर पेशंटचा ओठ किंवा जीभ बधिर होते, कधी कायमची. असे काम पहिल्यांदा जिवंत माणसावर करावे लागू नये, यावर वाद नसावा.

लंडनच्या किंग्ज कॉलेजचा हॅप्टेल प्रकल्प भारतीय वाचकाने लक्ष देऊन पाहावा असा आहे, कारण त्यांनी महागड्या यंत्राच्या नादी न लागता फाल्कन नावाचे व्हिडिओ गेमसाठी निघालेले यंत्र घेतले आणि त्यात फेरफार करून हँडपीस बसवला. त्यावर शिकलेल्या मुलांचे काम फँटम हेडवर शिकलेल्यांच्या तोडीस तोड ठरले. म्हणजे स्वस्तातही जमते. पण बाजाराच्या लहरीवर शिक्षण उभे केले की काय होते, तेही इथेच दिसले. फाल्कन गेमच्या बाजारात चालला नाही, कंपनी मागे पडली आणि यंत्र मिळेनासे झाले.

सर्वांत बोलबाला झाला तो हॉलंडच्या सिमोडोंटचा. अॅमस्टरडॅमच्या दंत महाविद्यालयाने तो मोग या कंपनीबरोबर बनवला. ही कंपनी विमानांच्या नियंत्रणयंत्रणा आणि वैमानिकांच्या सिम्युलेटरमधले दांडे बनवते, ज्यांत वैमानिकाच्या हाताला हवेचा विरोध जाणवावा लागतो. त्यामुळे सिमोडोंटची जातकुळी फँटमपेक्षा वेगळी. फँटम हलका असतो, जागा मोजतो आणि जोर देतो. सिमोडोंट हाताचा जोर मोजतो आणि तेवढेच टोक हलू देतो. यंत्र जड आणि महाग होते, पण कठीण पदार्थ खरोखर कठीण लागतो. वर आरसा आणि त्रिमितीय चष्मा अशी रचना, की पडद्यावरचा दात आणि हातातले बराचे टोक एकाच जागी दिसावे. हात एकीकडे आणि नजर समोरच्या मॉनिटरवर असे झाले की कौशल्य भलतेच शिकले जाते. पुढे हे यंत्र जपानच्या निसिन कंपनीकडे गेले. तीच कंपनी जगभर प्लास्टिकचे दात आणि फँटम हेडही विकते. नव्याने जुन्याला हटवले नाही, एकाच दुकानात दोन्ही ठेवली, असे म्हणायला हरकत नाही.

इस्रायलमधून आलेला डेंटसिम मात्र उलट्या वाटेने गेला. त्यात हँडपीस खरा, दात प्लास्टिकचा, आणि कॅमेरे त्यावर नजर ठेवून प्रत्येक हालचाल संगणकात उतरवतात. स्पर्श खोटा करायचाच नाही, फक्त मोजायचा. दिसायला कमी चमकदार, पण विचार पक्का.

मग शिकतात का? लीड्स विद्यापीठातल्या संशोधनाचा निष्कर्ष सगळ्यांत बोलका आहे. दंतवैद्यकाचा पूर्वानुभव नसलेल्या लोकांचे त्यांनी तीन गट केले आणि सिमोडोंटवर बसवले. एकाला फक्त यंत्राने दाखवलेले गुण, दुसऱ्याला फक्त शिक्षकाचे तोंडी मार्गदर्शन, तिसऱ्याला दोन्ही. तिसरा गट पुढे गेला. याच विद्यापीठात असेही दिसले की सुरुवातीला यंत्रावर केलेल्या कामाचा आणि पुढे प्रत्यक्ष पेशंटवरच्या कामाचा संबंध लागतो. म्हणजे कुणाला जादा सराव लागणार आहे, हे वर्ष-दोन वर्षे आधी हेरता येऊ शकते. माझ्या मते या यंत्राचा सर्वांत किमती उपयोग हाच आहे, आणि जाहिरातीत तो सर्वांत कमी सांगितला जातो.

बाकीचा पुरावा विरळ आहे. अभ्यास बरेच झाले, पण लहान गटांवर, वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या मोजमापांनी. अनेकांत तर मुलांना ‘आवडले का’ एवढेच विचारले, आणि नवे यंत्र मुलांना आवडतेच. सगळे एकत्र करून पाहणाऱ्या आढाव्यांचा सूर साधारण सारखा निघतो: फँटम हेडच्या जोडीला उत्तम, त्याच्या जागी नाही.

का नाही, ते समजून घेण्यासारखे आहे. फँटम ओम्नी हे बऱ्याच प्रयोगशाळांत दिसणारे यंत्र जास्तीत जास्त ३.३ न्यूटन जोर देते, म्हणजे साधारण एक तृतीयांश किलो वजन उचलल्यासारखा. कोरायला एवढा पुरतो, कारण एअरोटर, म्हणजे वेगाने फिरणारा हँडपीस, मुळातच हलक्या हाताने धरायचा असतो. दात उपटताना लागणारा जोर शंभर न्यूटन ओलांडू शकतो. त्यामुळे फोर्सेप्सने दाढ हलवून काढण्याचा सराव या टेबलावरच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेर आहे. दुसरे, दंतवैद्याचा हात हवेत नसतो. करंगळी किंवा अनामिका शेजारच्या दातावर टेकलेली असते आणि सगळी अचूकता त्या टेकूतून येते. सुरुवातीच्या यंत्रांत बोट टेकवायला जागाच नव्हती. तिसरे, वरच्या दाढा आरशात पाहून कोराव्या लागतात, म्हणजे डाव्या हातातल्या आरशाचाही हिशेब संगणकाने ठेवायला हवा. आणि लाळ, वळवळणारी जीभ, तोंड मिटणारा पेशंट, ‘डॉक्टर, दुखतंय’ म्हणणारा आवाज? त्यांच्यापर्यंत यातले कुठलेच यंत्र नीट पोचलेले नाही.

इथे एक गल्लत टाळायला हवी. अंधेरी-मालाडच्या मॉलमधल्या गेम झोनमध्ये डोक्यावर चढवायचे हेडसेट आणि हातातले कंट्रोलर असतात. काहीतरी आपटले की कंट्रोलर गुरगुरतो. ती थरथर आहे, अडवणूक नव्हे. हात भिंतीतून आरपार जातो. असे हेडसेट शस्त्रक्रियेचे टप्पे, मांडणी, दाढेच्या आतली रचना शिकवायला छान आणि स्वस्तही. पण ‘व्हीआर लॅब’ अशी पाटी लावून त्यावर कॅव्हिटी कोरायला शिकवतो म्हणणे ही फसवणूक आहे. अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी जोर चालू-बंद करून हेच तपासले. जोराशिवाय केलेला सराव पुढच्या कामाला उपयोगी पडत नाही, असे निघाले. चित्र विकत घेताना जोर किती, हे विचारायला हवे.

आणि त्या जोराचा अभ्यास कुठे होतो, तर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, पवईच्या आयआयटीत. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधोमध. इलेक्ट्रिकल विभागातले प्राध्यापक सुभाशिष चौधुरी, जे २०१९ पासून पाच वर्षे या आयआयटीचे संचालकही होते, यांच्या गटाने हॅप्टिक्सवर दीर्घ काम केले आहे. विषय दातांचा नव्हे. २०१२ च्या सुमारास त्यांनी मूर्ती आणि वारसा वास्तूंच्या त्रिमितीय प्रतिकृतींना स्पर्श देण्याची तंत्रे मांडली, ज्यांमुळे दृष्टिहीन माणसालाही कोरीव काम चाचपता यावे. त्याहून महत्त्वाचे काम आहे ते हाताच्या जाणिवेच्या मर्यादेवर. जोर बदलला तर तो किती टक्के बदलल्यावर माणसाला कळतो? साधारण दहाएक टक्के, असे जुने उत्तर. पण ते प्रत्येकाचे सारखे असते का? बदल सावकाश किंवा झपाट्याने झाला तर हाच उंबरठा हलतो का? लागोपाठ दोन धक्के बसले तर ते दोन आहेत हे कळायला मध्ये किती अंतर लागते? चौधुरी आणि अमित भारद्वाज यांनी या प्रश्नांवर यंत्रशिक्षणाच्या पद्धती वापरून काम केले आणि २०१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

हे कोरडे सिद्धांत वाटतील, पण एनॅमलमधून डेंटिनमध्ये घसरणारा बर म्हणजे नेमका जोरातला अचानक बदलच. तो किती मोठा दाखवला तर नवख्याला कळेल, किती बारीक दाखवणे वाया जाईल, हे ठाऊक असेल तर यंत्र अनावश्यक महाग करावे लागत नाही. आज परदेशी यंत्राची किंमत रुपयांत लाखांच्या पटीत जाते, आणि त्यातला मोठा भाग अचूकतेचा असतो. हाताला न कळणाऱ्या अचूकतेचे पैसे मुंबईच्या महापालिकेने किंवा एखाद्या ट्रस्टने का मोजावेत? याच आवारात २०१४ पासून बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र आहे. प्राध्यापक बी. रवी यांनी ते उभे केले आणि डॉक्टर-अभियंत्यांना एका टेबलाशी बसवण्याचा त्याचा उद्देशच आहे. पवई आणि मुंबई सेंट्रल यांच्यात अंतर तसे फार नाही. मद्रास आयआयटीतही स्पर्शावर काम करणारी जुनी प्रयोगशाळा आहे. सुटे भाग देशात हजर आहेत. ते दंत महाविद्यालयाच्या दारात एकत्र आलेले दिसत नाहीत, एवढेच.

गरज किती, हे २०२० ने दाखवले. मार्चमध्ये कोविडमुळे कॉलेजे बंद झाली. उघडल्यावरही एअरोटरच्या फवाऱ्यातून संसर्ग पसरण्याची भीती म्हणून क्लिनिकमधली कामे जपून आणि कमी. त्या काळात शिकलेल्या तुकड्यांचे हात पेशंटवर कमी चालले. ज्या देशांत सिम्युलेटर होते तिथल्या मुलांना निदान बसायला खुर्ची होती. आपल्याकडची मुले घरी पडद्यावर लेक्चर ऐकत होती.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. १९४८ च्या कायद्याखालच्या दंत परिषदेच्या जागी आयोग आणण्याची तरतूद त्यात आहे. देशात तीनशेवर दंत महाविद्यालये आहेत. त्यांच्या तपासणीत ‘सिम्युलेशन लॅब आहे का’ असा रकाना आला की उद्घाटनाच्या फिती कापल्या जातील, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यापेक्षा साधे गणित मांडावे. समजा शंभरची बॅच आहे आणि दहा यंत्रे घेतली. दहा-दहाच्या दहा तुकड्या, प्रत्येकीला आठवड्यात दोन तास. यंत्रे आठवड्याला वीस तास चालली. हे सहज जमते, आणि दुपार-संध्याकाळ उरते ती मागे पडलेल्यांसाठी. पण लीड्सचा धडा लक्षात घेतला तर त्या वीस तासांत तिथे शिक्षक उभा हवा, आणि ती जागा बहुधा रिकामी असते. दहाऐवजी सहा यंत्रे घेऊन उरलेल्या पैशांत एक शिक्षक नेमणे शहाणपणाचे, पण खरेदीच्या फाईलमध्ये यंत्राचा रकाना असतो आणि पगाराची फाईल वेगळ्या टेबलावर जाते.

दुरुस्तीचेही तसेच. केबल सैल होते, मोटार तापते, सॉफ्टवेअरचा परवाना दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. दुरुस्त करणारा तंत्रज्ञ अॅमस्टरडॅमहून येणार की अंधेरीच्या एमआयडीसीतून, आणि तो येईपर्यंत मुले कशावर सराव करणार, हे करारात आधीच लिहून घ्यावे लागते. आणि जुनी फँटम हेड भंगारात काढण्याची घाई करू नये.